नीलम घेताय? मग आधी हे विचारा!

सोनं घ्यायला गेलं की आपण बायका किती चौकस असतो! किती कॅरटचं, हॉलमार्क आहे ना, घडणावळ किती, मोडताना घट किती धरणार... सराफाला अगदी भंडावून सोडतो. पण त्याच पेढीवर निळ्या खड्याची अंगठी पुढ्यात आली, की सगळे प्रश्न संपतात. ‘‘रंग काय सुरेख आहे, नाही?’’ एवढं म्हणून आपण पर्स उघडतो!

खरी गोम इथंच आहे, मैत्रिणींनो. सोनं अडीअडचणीला मोडता येतं, खडा मोडता येत नाही. दागिना गहाण ठेवला तर कर्ज मिळतं ते खड्याचं वजन वजा करून, फक्त सोन्यावर. आणि हॉलमार्क असतो तोही सोन्याच्या शुद्धतेचा. खड्याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून नीलमावर पैसे घालायचे असतील, तर पारख आधी हवी.

नीलम आहे तरी काय?

नीलम, लाल माणिक आणि पिवळा पुष्कराज ही एकाच आईची लेकरं, हे ठाऊक होतं का? आईचं नाव कुरुंद. सुऱ्यांना धार लावायच्या साणेत वापरतात, तेच हे खनिज. त्यात क्रोमियमचा अंश उतरला की माणिक होतं. लोह आणि टायटॅनियमचा उतरला की नीलम. कठीणपणात हिऱ्याला १० गुण, तर याला ९. म्हणून रोज वापरायच्या अंगठीलाही नीलम चालतो.

काश्मिरी नीलमाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. किश्तवाडजवळच्या पाडर भागात १८८१च्या सुमारास तो सापडला, आणि चांगला माल पाचसहा वर्षांतच जवळजवळ संपला. तेव्हा ‘काश्मिरी आहे’ असं कुणी सहज म्हणालं, तर लगेच मान डोलवू नका. श्रीलंकेत रत्नपुराच्या आसपास मात्र नीलम शतकानुशतकं निघत आला आहे. १९८१ साली डायनाच्या वाङ्‌निश्चयाच्या अंगठीत झळकला, तो नीलमही श्रीलंकेचाच.

चार प्रकार ध्यानात ठेवा

पहिला, निसर्गात मिळाला तसाच पैलू पाडलेला. हा सर्वांत महाग. दुसरा, तापवलेला. फिका किंवा दुधट खडा भट्टीत खूप तापवला की रंग खुलतो. आज बाजारातले बहुतेक नीलम असेच असतात. यात फसवणूक नाही, रंगही टिकतो. पण न तापवलेल्याचा भाव मात्र त्याला देऊ नये.

तिसरा, भेगांमध्ये निळी काच भरलेला. यापासून सावध! सोनाराची आच लागली किंवा लिंबाचा रस लागला तरी आतली काच खराब होऊ शकते. चौथा, कारखान्यात बनवलेला. ऑग्युस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली माणकं बनवायची रीत जाहीर केली. पुढच्या दहा वर्षांत निळे खडेही आले. म्हणजे आजेसासूबाईंच्या अंगठीतला खडा जुना असला, तरी तो खाणीतलाच असेल असं नाही, बरं का!

शिवाय नीलम म्हणून नीली आणि पुष्कराज म्हणून सुनेला खपवणारेही भेटतात. हे खडे खोटे नव्हेत, पण ते नीलम-पुष्कराजही नव्हेत आणि त्या भावाचे तर मुळीच नव्हेत.

घरगुती परीक्षा पुरत नाही

दुधात टाकला की दूध निळसर दिसतं, तो खरा, असं आपण ऐकत आलो. पण निळी काच टाकली तरी दूध निळसरच दिसणार! कारखान्यातला नीलम तर कठीणपणातही खाणीतल्यासारखाच असतो, त्यामुळे घासून-ओरखडून काही कळत नाही. खरी परीक्षा रत्नांच्या प्रयोगशाळेतच होते. मुंबई, जयपूरसारख्या शहरांत अशा प्रयोगशाळा आहेत.

पेढीवर एवढं करा

खडा दिव्याखाली पाहिलात, तसाच दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडातही पाहा. काळपट वाटला तर सोडून द्या. खड्याखालची बाजू बंद असेल, तर आत चकाकता पत्रा घालून रंग वाढवलेला असू शकतो; शक्यतो सुटा खडा पाहूनच पसंत करा.

वजन कॅरटमध्ये विचारा, कारण रत्तीचं माप सगळीकडे एक नसतं. सोन्याचा कॅरट शुद्धतेचा, खड्याचा कॅरट वजनाचा. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, खड्याचं वेगळं आणि ‘नैसर्गिक, तापवलेला’ किंवा ‘न तापवलेला’ असं स्पष्ट लिहून घ्या. किंमत मोठी असेल तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्रही मागा.

शनीसाठी कुणी नीलम सांगितला असेल, तर तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण ‘येत्या शनिवारच्या आत बोटात हवा’ या घाईतच पारख राहून जाते. सांगणाऱ्यानेच खडा आणून दिला, तरी पावती मागायला भीड कसली?

निगा सोपी आहे. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश पुरे. मोत्यांबरोबर एका डबीत ठेवू नका, मोत्यांवर ओरखडे पडतील. खडा धरून ठेवणारे सोन्याचे पंजे वर्षातून एकदा सोनाराला दाखवून घ्या.

आणि हो, पावती अन् प्रमाणपत्र त्या डबीतच जपून ठेवा. उद्या ती अंगठी लेकीला किंवा सुनेला द्याल, तेव्हा आपल्याला नेमकं काय मिळालं, हे तिलाही कळायला हवं ना!