नसबंदी: पुरुष कशाला घाबरतात?

कार्तिकात काशीच्या पंचगंगा घाटावर आकाशदिवे चढतात. अहिल्याबाई होळकरांचा दगडी दीपस्तंभ देवदिवाळीला उजळतो आणि लगतच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतली मराठी मंडळीही पायऱ्यांवर उतरतात. त्याच सुमारास, २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, देशभर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. त्याला मात्र गर्दी होत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के जोडप्यांत बायकोची नसबंदी झालेली होती, नवऱ्याची फक्त ०.३ टक्के, उत्तर प्रदेशात तर ०.१.

पूर्वी असं नव्हतं. साठच्या दशकात नसबंदी म्हणजे बहुतेक पुरुषांचीच. मुंबई महापालिकेचे डॉ. दत्ता पै यांनी तर रेल्वे स्थानकांवरच केंद्रं उघडली. कामावर येता-जाता माणूस आत शिरायचा. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष आणि कित्येकांवर बळजबरी. महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीचा कायदाही मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो टळला. सरकारने पुढे बायकांकडे मोर्चा वळवला, पुरुषांच्या मनात धसका तेवढा उरला.

त्यात शस्त्रक्रियेने पुरुषत्व जाईल ही भीतीही मिसळलेली असते. तिला वैद्यकीय आधार नाही. बिनटाक्याच्या नसबंदीत जागा बधिर करून अंडकोषाच्या कातडीला बारीकसं छिद्र पाडतात, शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन्ही नळ्या बाहेर काढून बांधतात व कापतात. अर्ध्या तासाच्या आत काम होतं, माणूस त्याच दिवशी घरी जातो. वृषणांना हात लागत नाही, म्हणून पुरुषी संप्रेरक रक्तात पूर्वीसारखंच येत राहतं. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राणूंचा नसतोच. तोही कमी होत नाही. बायकांच्या शस्त्रक्रियेत पोटाला छेद द्यावा लागतो. जोखीम तिथे जास्त.

दोन गोष्टी मात्र पाळायच्या. नळ्यांत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि नंतर वीर्यतपासणी करून घ्यायची. नळ्या पुन्हा जोडता येतात, पण मूल होईलच याची खात्री नसते. तेव्हा निर्णय पक्का झाल्यावरच जायचं. गुप्तरोगांपासून संरक्षण हवं तर निरोधच.

पुरुष येत नाहीत ही तक्रार जुनीच. पण कुटुंब नियोजनाची खोली बाळंतपणाच्या वॉर्डाला लागून, वेळ ऐन कामाची आणि समजावणारी आशाताई फक्त बायकोशी बोलणार, तर तो येणार कधी? संध्याकाळची वेळ, पुरुष समुपदेशक, नवरा-बायकोला एकत्र बसवून समजावणं, एवढं तरी आधी करून पाहावं. आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला सन्मानाने परत जाऊ द्यावं. बळजबरीने गेलेला विश्वास अशानेच परत मिळवता येईल.