जुनी गाडी, मूळ पाठ

मोबाइलवर असे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिलेत. सुरुवातीला शेतात सडलेली गाडी, आणि दहा मिनिटांनी तीच गाडी शोरूममधून नुकती निघाल्यासारखी चकाचक. मधे काय काय झालं ते मात्र धावतपळत दाखवतात. हा लेख त्या मधल्या भागाबद्दल आहे. जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घरच्या घरी पुन्हा उभी करायची तर काय करावं लागतं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं?

मी साहित्याची विद्यार्थिनी, गॅरेजची नाही. पण या विषयावर वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, की मराठीच्या तासाला आपण ज्याला पाठशुद्धी म्हणतो, त्याच्या फार जवळचं हे काम आहे. मूळचं काय, नंतर कोणी घुसडलेलं काय, आणि झिजून गेलेलं काय, हे ओळखायचं. ते ओळखता आलं नाही, तर उत्साहाच्या भरात आपणच मूळ पुसून टाकतो.

स्पिटफायरची मद्रासी बहीण

ट्रायम्फ स्पिटफायर किंवा एमजीबी आमच्या पांढुर्णा-सौसरच्या रस्त्यावर दिसणं कठीणच. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधनं आली, त्यामुळे अशा गाड्या भारतात मोजक्याच राहिल्या. पण स्पिटफायरची सख्खी बहीण भारतात तयार होत होती. तिचं नाव स्टँडर्ड हेराल्ड.

ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली बाजारात आली. आकार दिला इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी. त्या काळात बाकीचे कारखाने चासी आणि बॉडी एकजीव करायला लागले होते, पण हेराल्डला वेगळी चासी होती आणि बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले होते. याला कारणही तसंच होतं. कंपनीला बॉडी पुरवणारा कारखाना १९५३ मध्ये प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. मग अख्खी बॉडी एका ठिकाणी बनवून घेण्याऐवजी तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून जोडायचं ठरलं. याच हेराल्डची चासी आखूड करून १९६२ मध्ये दोन सीटची स्पिटफायर तयार झाली. तिचा आकारही मिकेलोत्तींचाच.

भारतात मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून हेराल्ड बनवली. इंजिन ९४८ सीसीचं. पुढे चार दारांची हेराल्ड आली, ती फक्त भारतातच. म्हणून आपल्याकडे कोणाच्या वाड्यात ताडपत्रीखाली ब्रिटिश वंशाची छोटी गाडी निघालीच, तर ती हेराल्ड असण्याची शक्यता जास्त. शिकण्यासाठीही ती सोयीची आहे. तिचं बोनेट पुढच्या मडगार्डांसकट एकसंध आहे आणि ते पुढच्या बाजूला उलटतं. इंजिन दोन्ही बाजूंनी मोकळं होतं, अगदी पुढच्या टायरवर बसूनसुद्धा काम करता येतं.

पाना लावण्याआधी कागद

सुरुवात कपाटातल्या फाइलपासून होते. आरसी बुक, चासी नंबर, इंजिन नंबर, जुना विमा, जे सापडेल ते काढायचं. आमच्या भागात यात एक वेगळा गुंता आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सौसर-पांढुर्ण्याची माणसं मात्र बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला नागपूरलाच जात राहिली. त्यामुळे गाडी नागपूर पासिंगची आणि घर मध्य प्रदेशातलं, असं सहज होतं. अशा वेळी मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं, त्यासाठी फॉर्म २८ असतो. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते वारले असतील, तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. पांढुर्णा २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला, पण तुमच्या गाडीचा जुना कागद छिंदवाड्याचाच असणार.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा कार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि पुन्हा नोंदणीची ५,०००. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. आणि मुख्य अट अशी, की गाडी मूळ रूपात असली पाहिजे, तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात फेरबदल केलेले नसावेत. म्हणजे हौसेने दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं, की या सवलतीवर पाणी सोडलं. मूळपण जपणं हा इथे कायद्याचाही प्रश्न आहे.

उघडण्याआधी वाचा

आता गाडीकडे. पहिले काही दिवस फक्त पाहायचं. प्रत्येक बाजूचे फोटो, वायर कुठून कुठे जाते, नळी कोणत्या क्लिपला अडकवली आहे, रंगाचे थर किती. कोपऱ्यात हलकं घासलं, की वरच्या रंगाखाली जुना रंग दिसतो. सगळ्यात खालचा थर बहुतेक कारखान्याचा. ते वहीत तारखेसकट लिहून ठेवायचं.

मग खोलायला सुरुवात. एका जागचे नट-बोल्ट एका पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. मोठ्या भागांसाठी आमच्याकडे संत्र्यांचे क्रेट आहेतच. एक क्रेट पुढच्या ब्रेकचा, एक स्टीअरिंगचा, असं. घरी सुरू झालेली कितीतरी कामं इथेच मरतात. गाडी दोन रविवारांत उघडली जाते, आणि दोन वर्षांनी कोणता बोल्ट कुठला हे कोणालाच आठवत नाही. मग भंगारवाला येतो. उघडलेली आणि जोडता न येणारी गाडी ही सडलेल्या गाडीपेक्षाही लवकर संपते. म्हणून एका वेळी एकच भाग खोलावा, तो पूर्ण करावा, मग पुढचा घ्यावा.

पान्यांचीही एक गंमत आहे. ही गाडी इंचात बनलेली आहे. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिलिमीटर. आपल्याकडचा १३ चा पाना त्यावर बसतो, पण सैल. गंजलेल्या नटवर जोर दिला, की कोपरे झिजून नट गोल होतो आणि मग तो छिन्नीनेच काढावा लागतो. त्यामुळे पहिला खर्च इंचाच्या पान्यांच्या सेटवर करा.

गंज, चासी आणि जीव

लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की गंज चढतो, हे शाळेतच शिकलो. गाडीत तो कुठे लपतो हे मात्र शोधावं लागतं. आमच्याकडची काळी माती चाकांनी उडून मडगार्डच्या आत आणि फ्लोअरखाली चिकटते, आणि पावसाळाभर ओल धरून ठेवते. वरून रंग ठीक दिसतो, आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. टोक आत गेलं तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावाच लागतो. त्यावर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे फसवणूक, आणि इथे ती जीवावर बेतू शकते.

हेराल्ड आणि स्पिटफायर इथे वेगळ्या होतात. हेराल्डच्या बॉडीचा भार चासीपासून बाहेर निघालेल्या हातांवर असतो, म्हणून आधी ते हात तपासायचे. स्पिटफायरमध्ये तसे हात नाहीत. तिथे दाराखालची पेटीसारखी पट्टीच ताकद देते. ती कापण्याआधी दाराच्या चौकटीत आतून लोखंडी आधार वेल्ड करून घेतला नाही, तर गाडी मधोमध वाकते आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत.

छोट्या लोखंडी भागांसाठी एक स्वस्त उपाय आहे. साखर कारखान्याची मळी एक भाग, पाणी नऊ भाग, आणि त्यात भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचा. गंज सुटतो, चांगलं लोखंड शाबूत राहतं. वास सहन करावा लागतो. ॲल्युमिनियमचा भाग मात्र त्यात टाकू नका, तो खराब होतो.

काही गोष्टी सरळ धोक्याच्या आहेत. गाडीखाली जायचं तर लोखंडी स्टँडच हवेत. नुसत्या जॅकवर नाही, आणि विटांवर तर नाहीच, वीट सांगून फुटत नाही. रिकाम्या पेट्रोल टाकीत वाफ असते, तिच्याजवळ वेल्डिंग करायचं नाही. जुन्या ब्रेकच्या आणि क्लचच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची.

इंजिन, पेट्रोल, वीज

बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन थेट सेल्फ मारून फिरवू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, काही दिवस थांबा, मग हाताने हळूहळू फिरवा. फिरलं तर निम्मी लढाई जिंकली.

पेट्रोलही आता तेव्हाचं राहिलेलं नाही. पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकी झिजण्यापासून वाचवायचं. २००० साली देशभर ते बंद झालं, त्यामुळे हेड उघडलंच आहे तर कडक धातूच्या बैठकी बसवून घेणं शहाणपणाचं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. त्या बदलायच्याच, कारण नळी फुटली तर पेट्रोल गरम इंजिनवर पडतं. ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या ब्रेकचे सिलिंडर आतून गंजलेले असतात.

वायरिंगमध्ये एक सापळा आहे. तेव्हाच्या अनेक ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असे. आज आपण मायनस जोडतो. आपली गाडी कोणत्या पद्धतीची आहे हे न पाहता सवयीने बॅटरी जोडली, तर विजेचं काम बिघडतं.

काय ठेवायचं, काय बदलायचं

हा खरा अवघड भाग, आणि इथे आपल्याला मराठीतलाच आधार आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिचे पाठ बिघडले. संत एकनाथांनी प्रती ताडून पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. आणि पुढच्यांना बजावलं, की या ग्रंथात स्वतःची ओवी घुसडणारा माणूस अमृताने भरलेल्या ताटात नरोटी, म्हणजे रिकामी करवंटी, ठेवतो. नाथ स्वतः केवढे मोठे कवी! त्यांना भर घालता आली नसती असं थोडंच आहे. पण या कामात आपला हात दिसू नये, हे त्यांना कळलं होतं.

याच्या उलट गोष्ट स्पेनमधल्या बोर्हा गावची. तिथल्या चर्चच्या भिंतीवर काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूचं चित्र होतं. रंगाचे पापुद्रे निघत होते, म्हणून २०१२ मध्ये एका वृद्ध भाविक बाईंनी ते स्वतःच रंगवायला घेतलं. मनात भक्तीच होती. पण मूळ चेहरा गेला आणि जगभर त्याचं हसू झालं. प्रेम असलं तरी आधी नीट पाहावं लागतं, एवढं त्यातून घ्यावं.

गाडीला हे कसं लावायचं? ब्रेक, स्टीअरिंग, टायर, पेट्रोलच्या नळ्या, चासी यांत तडजोड नाही. जुनं म्हणून धोकादायक भाग ठेवण्यात काही शहाणपण नाही. बाकी ठिकाणी मात्र हात आवरायचा. सीटचं कापड विरलं असेल पण फाटलं नसेल तर राहू द्या. डॅशबोर्डवरचा ओरखडा राहू द्या, तो कोणाच्या तरी अंगठीचा असेल. जिथे रंग द्यावाच लागेल, तिथे आतल्या बाजूला जुन्या रंगाचा हातभर तुकडा तसाच ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला ताडून पाहता येईल. काढलेला मूळ भाग फेकू नका, क्रेटमध्ये ठेवा आणि वहीत लिहा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही क्रेटमध्ये ठेवता येत नाही. कार्बोरेटर कानाने लावणारे, पत्रा हातोडीने आकाराला आणणारे मिस्त्री आता म्हातारे झालेत. नव्या गाड्यांना त्यांची गरज उरलेली नाही, आणि त्यांचं ज्ञान कुठे छापलेलं नाही. नागपूर असो की सौसर, असे काका भेटले तर त्यांच्याकडून काम करून घेता घेता त्यांचे शब्दही लिहून घ्या. कोणत्या भागाला ते काय म्हणतात, आवाजावरून बिघाड कसा ओळखतात, हे सगळं. स्पिटफायरचा सुटा भाग इंग्लंडहून मागवता येईल. हे मागवता येणार नाही. आणि लिहून घेण्याचं काम तर आपल्यासारख्या साहित्याच्या पोरापोरींना जमण्यासारखं आहे.