परसातील वाळा व बांधावरील वाळा

उन्हाळा सुरू झाला की माठाच्या पाण्यात वाळ्याची जुडी सोडण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. वाळ्याचे सरबत, वाळ्याचे पडदे व वाळ्याचे अत्तर हीही सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु ही सुवासिक मुळे ज्या गवताची असतात, ते गवत शेतात उभे असताना ओळखणारी माणसे थोडी. त्यामुळे एकीकडे खरा वाळा घराजवळ असूनही त्याचा उपयोग होत नाही, तर दुसरीकडे वाळा समजून भलतेच गवत बांधावर लावले जाते व पुढे ते शेतात शिरून पिकाला त्रास देते.

वाळा हे बहुवर्षायू गवत आहे. एकदा लावले की ते अनेक वर्षे टिकते. ते दोन प्रकारची कामे करते. मुळे खणून काढल्यास घराला सुगंध मिळतो. मुळे जमिनीत राहू दिल्यास शेताची माती जागेवर राहते. ही दोन्ही कामे एकाच ओळीकडून घेता येत नाहीत, ही गोष्ट वाळा लावणाऱ्या प्रत्येकाने आधी ध्यानात घेतली पाहिजे.

वाळ्याची ओळख

वाळ्यास संस्कृतात उशीर व हिंदीत खस म्हणतात. स्वयंपाकघरातील खसखशीशी त्याचा काही संबंध नाही. खसखस हे अफूच्या झाडाचे बी होय. वेटिव्हर हे इंग्रजी नाव तमिळ भाषेतील वेट्टिवेर या शब्दावरून आले आहे.

वाळ्याचे ठोंब दाट व ताठ असते. पाने अरुंद, लांब व कडक असून त्यांच्या कडा हाताला खरखरीत लागतात. ठोंबाच्या बुडाशी पाहिले असता पानांची आवरणे चपटी व पंख्याप्रमाणे एकमेकांत बसलेली दिसतात. पाने साधारणपणे १ ते १.५ मीटर उंच वाढतात व तुरे त्यांच्याही वर जातात. तुऱ्यावर जांभळट छटा असते. अंगणाच्या कडेने लावलेल्या ओळीस तुरे आले म्हणजे ती मोठी शोभिवंत दिसते.

खरी खूण मात्र जमिनीखाली आहे. वाळ्याची मुळे बारीक, चिवट व पुष्कळ असतात आणि ती आडवी न पसरता सरळ खाली उतरतात. मोकळ्या जमिनीत ती ३ मीटरपर्यंत किंवा त्याहूनही खोल जातात. वाळ्यास जमिनीखालून दूर धावणारे कांडे नसते व जमिनीवर पसरणाऱ्या वेलीसारख्या फांद्याही नसतात. म्हणून ठोंब लावले तेथेच राहते.

फसवणारी गवते

वाळ्याच्या जागी पुढील चार वनस्पतींची गल्लत होण्याचा संभव असतो.

१) गवती चहा : याचे पान चुरगळले की लिंबासारखा वास येतो. वाळ्याच्या पानास असा वास नसतो. त्याचा सुगंध मुळांत असतो. पानाला वास तो चहा, मुळाला वास तो वाळा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

२) रोशा गवत : याचेही पान व तुरा सुवासिक असतो. वरील कसोटी यालाही लागू पडते.

३) लव्हाळा : याच्या गाठींना सुगंध असल्याने फसगत होते. परंतु लव्हाळ्याचा तुऱ्याचा दांडा तीन धारी असतो व मुळांना गाठी असतात. वाळ्यास गाठी नसतात.

४) कुंदा : काळ्या जमिनीत याची जमिनीखालील कांडी खोलवर पसरतात. वाळा समजून कुंदा बांधावर लावणे म्हणजे शेतात कायमचा शत्रू आणणे होय.

शंका आल्यास ठोंबाच्या कडेचा एक फुटवा मुळांसह काढून धुवावा. मूळ चुरगळून वास घ्यावा आणि आडवे धावणारे कांडे आहे काय ते पाहावे. या दोन परीक्षा झाल्याशिवाय कोणतेही गवत बांधावर नेऊ नये.

रोपे कशी मिळवावीत

वाळ्यात दोन प्रकार आढळतात. उत्तर भारतात ओलसर जागी आपोआप वाढणाऱ्या वाळ्यास रुजणारे बी येते. दक्षिण भारतात पूर्वापार लागवडीत असलेल्या वाळ्यास फुले आली तरी त्याचे बी सहसा रुजत नाही. बांधासाठी दुसरा प्रकारच घ्यावा. ज्या ठोंबाच्या आसपास अनेक वर्षांत नवी रोपे उगवलेली नाहीत, असे ठोंब पाहून त्याचे फुटवे आणावेत. लागवड नेहमी फुटव्यांपासूनच करावी.

परसातील वाफा

बांधासाठी लागणारी रोपे विकत घेण्यापेक्षा घरी तयार करणे सोयीचे पडते. परसात दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडावी. दाट सावलीत वाळा दुबळा राहतो. न्हाणीचे सांडपाणी जेथे वळविता येते ती जागा उत्तम, कारण वाळा ओल चांगली सोसतो व पाणी साचून होणारा चिखलही कमी होतो.

३ मीटर लांब व २ मीटर रुंद वाफा घ्यावा. माती भुसभुशीत करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचा एक चूड करावा. पाने सुमारे २० सेंटिमीटरवर व मुळे सुमारे १० सेंटिमीटरवर छाटावीत. असे चूड ३० सेंटिमीटर अंतराने लावावेत. या वाफ्यात जवळजवळ ७० चूड बसतात. रुजेपर्यंत नियमित पाणी द्यावे व तण काढावे. पाने अधूनमधून छाटल्यास फुटवे अधिक येतात.

वर्षाअखेर प्रत्येक ठोंबास ३० फुटवे आले असे धरले, तर एका ठोंबापासून तीन फुटव्यांचे १० चूड मिळतात; म्हणजे एका वाफ्यातून ७००. बांधावर १५ सेंटिमीटर अंतराने लावल्यास १०० मीटर लांबीस सुमारे ६७० चूड लागतात. अर्थात परसातील एवढ्याशा वाफ्यातून पुढच्या वर्षी १०० मीटर बांधाची लागवड होऊ शकते.

बांधावरील ओळ

पावसाळा नीट सुरू होऊन जमीन खोलवर ओली झाली की बांधावरील लागवड करावी. ओळ उताराला आडवी व समपातळीत असावी. चूड १० ते १५ सेंटिमीटर अंतराने एकाच ओळीत लावून माती पायाने घट्ट दाबावी. पहिल्या वर्षी गुरे व शेळ्या कोवळी पाने खातात, म्हणून राखण आवश्यक आहे. पाने जुनी व कडक झाल्यावर जनावरे त्यांना फारसे तोंड लावत नाहीत.

ओळ दाट झाली की उतारावरून येणारे पाणी तेथे अडते, पसरते व हळूहळू गाळून पुढे जाते. पाण्याचा वेग कमी झाल्याने त्यातील माती ओळीच्या वरच्या अंगास बसते. साचलेल्या मातीतून वाळा पुन्हा वर फुटतो व नवी मुळे सोडतो. अशा रीतीने काही वर्षांत तेथे आपोआप पायरी तयार होते.

मात्र ओळीत खिंड राहिली तर उलट परिणाम होतो. अडलेले सर्व पाणी त्या एकाच खिंडीतून जोराने वाहते व तेथे घळ पडते. यासाठी पहिल्या दोन पावसाळ्यांत मेलेल्या चुडांच्या जागी नवे चूड लावणे हे लागवडीइतकेच महत्त्वाचे काम आहे. पुढे वर्षातून एकदोन वेळा पाने ३० ते ५० सेंटिमीटर उंचीवर छाटावीत. छाटलेली पाने झाडांच्या बुंध्याशी आच्छादनास उपयोगी पडतात.

हा प्रयोग नवा नव्हे. कर्नाटकात म्हैसूरजवळील गुंडलुपेट भागातील शेतकऱ्यांनी शंभराहून अधिक वर्षे शेताच्या हद्दीवर वाळ्याच्या ओळी राखल्या आहेत. १९५० नंतरच्या दशकात फिजी बेटांवरील उसाच्या उताराच्या जमिनींत जॉन ग्रीनफील्ड यांनी वाळ्याचा उपयोग केला. १९८० नंतर जागतिक बँकेच्या भारतातील कामात ग्रीनफील्ड व रिचर्ड ग्रिमशॉ यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला आणि तेथून ती अनेक देशांत गेली.

मुळांची काढणी

मुळांना बाजारात किंमत आहे, आणि येथेच मोह होतो. बांधावरील भरगच्च ओळ पाहून ती खणावी असे वाटते. परंतु मुळे काढावयाची म्हणजे जमीन खोल उकरावी लागते. ज्या बांधाला वाळ्याने धरून ठेवले, तोच बांध या खणण्याने पोकळ होतो व पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. मुळांचे आलेले पैसे एकदा खर्च होतात. वाहून गेलेली माती पुन्हा येत नाही.

म्हणून मुळांसाठी वाळा वेगळा लावावा. परसातील सपाट जागी रेताड मातीचा वाफा किंवा वाळू व शेणखत भरलेली पोती यासाठी योग्य होत. अशा मोकळ्या मातीतून मुळे न तुटता निघतात. लागवडीनंतर १५ ते १८ महिन्यांनी मुळे काढावीत, स्वच्छ धुवावीत व सावलीत वाळवावीत. वरचे फुटवे तोडून लगेच पुन्हा लावले म्हणजे बेणे संपत नाही. घरच्या माठास व सरबतास पुरतील एवढी मुळे दोनचार पोत्यांतून सहज मिळतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावात निदान एका घरी वाळ्याचा वाफा करवून घ्यावा व शेतकऱ्यांना तेथेच पान व मूळ हाती देऊन ओळख पटवावी. रोपे देताना बांधाचा वाळा खणावयाचा नाही, ही अटही त्यांच्याबरोबर द्यावी.