थेंबाला सावरणारी हवा

पत्र्याच्या घरात ज्याने एखादा पावसाळा काढला आहे, त्याला पावसाची जात डोळे मिटूनही ओळखता येते. भुरभुर पत्र्याला कळतसुद्धा नाही. सर आली की ताशावर काड्या फिराव्यात तसा आवाज होतो, आणि मुसळधार सुरू झाला की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. पाणी तेच, पत्रा तोच; मग आवाजात एवढा फरक का? आणि त्याहून मोठा प्रश्न असा, की दोन-दोन किलोमीटरवरून कोसळणारं हे पाणी पत्र्याची चाळण का करत नाही?

शाळेतलं गणित मांडून पाहू. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाढत जातो. दोन किलोमीटरवरून निघालेला थेंब या हिशेबाने जमिनीवर पोचताना सेकंदाला सुमारे २०० मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वेगाने यायला हवा. प्रत्यक्षात दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने येतो. कुणी सायकल दामटावी, एवढाच तो वेग. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ७०० किलोमीटरवाल्या थेंबाचा तडाखा आपल्या नेहमीच्या थेंबाच्या ९०० पटींहून जास्त असता. छत्री सोडाच, उभं पीकही तगलं नसतं.

मधल्या मध्ये हा वेग खाल्ला कुणी? हवेने. गुरुत्वाकर्षणाची ओढ पडताना बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाबरोबर वाढत जातो. दोन्ही जोर सारखे झाले की वेग वाढायचा थांबतो. हा त्या वस्तूचा अंतिम वेग. दोन मिलिमीटरचा थेंब स्थिर हवेत सोडला, तर पाचेक मीटरांतच तो या वेगाजवळ पोचतो. त्यामुळे ढग एक किलोमीटरवर असो की तीन, थेंबाच्या वेगात फारसा फरक पडत नाही.

‘जड आणि हलकी वस्तू एकाच वेगाने पडते’ हे वाक्य आपण गॅलिलिओच्या नावावर पाठ केलेलं असतं. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट त्याच्या शिष्याने, विव्हियानीने, लिहून ठेवली. खुद्द गॅलिलिओच्या लेखनात ती नाही. १६३८च्या त्याच्या ग्रंथात हवेच्या विरोधाची चर्चा मात्र आहे. सगळ्यांना सारखा वेग, हा नियम त्याने निर्वात जागेपुरता सांगितला होता. हवेचा हिस्सा मोजायला न्यूटन सरसावला. १७१० साली लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटातून काचेचे गोळे खाली सोडले गेले, काही पाऱ्याने भरलेले, काही नुसते हवेचे. पाऱ्याचे गोळे सुमारे चार सेकंदांत खाली आले, हवेच्या गोळ्यांना सुमारे आठ सेकंद लागले. हवाच नसेल तर काय होईल, हे १९७१ साली अपोलो १५च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर दाखवलं. त्याच्या हातातला हातोडा आणि ससाण्याचं पीस एकाच वेळी जमिनीला टेकले.

चंद्रावर लहान-मोठा भेद नाही. पृथ्वीवर तो आहेच. थेंबाचा व्यास दुप्पट केला की हवेला अडवायला मिळणारं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. म्हणून मोठा थेंब हवेला जास्त दाद देत नाही, आणि छोटा तिच्या पूर्ण कह्यात राहतो. ढगातला कण मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग असतो. स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडलेल्या सूत्राने पाहिलं, तर तो सेकंदाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास उतरतो. वर येणारी एखादी मंद झुळूकही त्याला तरंगत ठेवते. ढग खाली पडत नाहीत ते यामुळेच. असे दहा लाख कण एकत्र यावेत, तेव्हा दोन मिलिमीटरचा एक थेंब होतो.

आता पत्र्यावरच्या आवाजाचा उलगडा होतो. अर्ध्या मिलिमीटरची भुरभुर सेकंदाला दोन मीटरने येते, एक मिलिमीटरचा थेंब चार मीटरने, पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब नऊ मीटरने. त्यापुढे मात्र वेग फारसा वाढत नाही, कारण थेंब चपटा होत जातो आणि शेवटी टिकतच नाही. चित्रात आपण थेंब अश्रूसारखा, वर टोकदार काढतो. खरा छोटा थेंब गोल असतो. मोठा खालून चपटा होत वडापावातल्या पावासारखा दिसू लागतो. फिलिप लेनार्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४च्या सुमारास खालून वर फुंकणाऱ्या हवेच्या झोतात थेंब तरंगत ठेवून हे पाहिलं. आणखी मोठा झाला की हवा त्याला खालून फुगवते आणि त्याच्या चिंधड्या उडतात. पाण्याचा हा मऊपणाच आपल्या पथ्यावर पडतो.

गारेकडे तो मऊपणा नाही. बर्फ फुटत नाही, म्हणून गार लिंबाएवढी होऊ शकते आणि जितकी मोठी तितक्या जोराने येते. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांनी हा फरक उभ्या पिकात पाहिला. आकाश तेच, हवा तीच. फक्त पाणी गोठलेलं होतं.

महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. थेंबांचा आकार मोजायला आता तिथे यंत्रं आहेत. पण अमेरिकेतल्या व्हर्माँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम पिठाच्या थाळीवर केलं होतं. पसरट ताटात बोटभर जाडीचं सैल पीठ पसरायचं, दोन-चार सेकंद पावसात धरायचं आणि आत घ्यायचं. प्रत्येक थेंबाची एक गोळी होते. ती वाळवून, चाळून मोजायची. दिवाळीच्या तोंडावर परतीची सर आली, तर चकलीच्या भाजणीला धक्का न लावता मूठभर मैदा बाजूला काढा. भुरभुरीच्या गोळ्या खसखशीएवढ्या भरतील, सरीच्या साबुदाण्याएवढ्या. लिंबाएवढी मात्र एकही सापडणार नाही.