खाकऱ्यालाही हलालचा शिक्का?

हलाल म्हटले की देवनारचा कत्तलखाना आठवतो; उपनगरातल्या उद्योजकाने मात्र घाटकोपर-मुलुंडचा खाकरा आठवावा. हलालची, म्हणजे इस्लामी नियमांत बसण्याची, अट मांसापुरती नाही: जिलेटिन, चरबी, मद्यार्क, अगदी लिपस्टिकमधले घटकही तपासले जातात. इंडोनेशियाने तर 2014 मध्ये हलाल प्रमाणपत्राचा कायदाच केला. शाकाहारी फरसाणाला ही परीक्षा तुलनेने सोपी (इसेन्समधला मद्यार्क तेवढा पाहावा लागतो). ‘धार्मिक शिक्का कशाला?’ हा आक्षेप देशी बाजारात समजण्याजोगा आहे. निर्यातीत मात्र ती गिऱ्हाइकाची अट असते. उत्तर प्रदेशने नोव्हेंबर 2023 मध्ये हलाल-प्रमाणित मालावर बंदी घातली, तेव्हाही निर्यातीचा माल वगळलाच. खरी अडचण खर्चाची. तपासणीचे शुल्क लहान कारखान्याला जड जाते. म्हणून आधी गिऱ्हाईक पक्के करा, त्याच्या देशात कोणाचे प्रमाणपत्र चालते ते विचारा, मगच अर्ज भरा.