शेवटच्या तारखेआधीं

वैशाखाचे दिवस आले कीं आमच्या पापडींत घरोघर दोन गोष्टी चालूं असतात. अंगणांत कुरडया-पापड वाळत असतात, आणि ओटीवर महाविद्यालयांच्या प्रवेशाची चर्चा रंगलेली असते. पहिलें काम घरांतील बायका पावसाच्या किती तरी आधीं हातावेगळें करितात. आभाळ भरून आल्यावर कुरडया घालावयास बसणारी गृहिणी मीं अजून पाहिली नाहीं. दुसरें काम मात्र बहुधा आम्हां पुरुषमंडळींकडे असतें, आणि तें आम्ही आभाळ फाटल्यावरच हातीं घेतों.

हें मी दुसऱ्यांस नांवें ठेवण्यासाठीं लिहीत नाहीं. माझ्या हातून घडलेला एक अपराध मनांत सलतो आहे, म्हणून लिहीत आहें. पस्तीस वर्षें मीं संस्कृत शिकविलें. शाळेंत दुसऱ्यांच्या मुलांचे अर्ज तपासून देणारा शिक्षक अशी माझी ख्याति होती. घरांतही वडीलकीच्या नात्यानें सर्वांचे कागदपत्र माझ्याच पेटींत असत. माझा एक पुतण्या बारावीस उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाला. मुंबईच्या एका महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकावें, अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती. "काका, अर्ज देऊन येऊं या ना," असें तो आठवडाभर म्हणत होता. "शेवटची तारीख शुक्रवार आहे, आपण गुरुवारीं जाऊं," असें मीं त्यास शांतपणें सांगितलें.

गुरुवारीं गेलों. तेथें असें आढळलें कीं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याच्या वडिलांचें नांव एक प्रकारें लिहिलें आहे आणि गुणपत्रिकेवर दुसऱ्या प्रकारें. फरक एका अक्षराचा! कारकुनानें प्रतिज्ञापत्र मागितलें. तें करून आणीपर्यंत शुक्रवारची दुपार टळली आणि खिडकी बंद झाली. पुतण्यानें पुढें मिळेल तेथें, मिळेल तो विषय घेतला. आज तो चांगल्या नोकरींत आहे, आणि त्यानें मला एका शब्दानें कधीं दोष दिला नाहीं. तोच मला अधिक बोचतो. ते दोन्ही कागद बारा महिने माझ्याच पेटींत एकावर एक पडलेले होते. मीं ते शेजारीं ठेवून एकदां वाचले असते तर पुरे होतें.

अर्ज ही कारकुनी बाब आहे अशी आपली समजूत असते. परंतु आपल्याच शेजारच्या कल्याण गांवांत १८६५ सालीं जन्मलेल्या एका मुलीचा अर्ज पाहिला म्हणजे ती समजूत टिकत नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जून महिन्यांत अमेरिकेस पोंचल्या आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस त्यांनीं फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यक महाविद्यालयास प्रवेशासाठीं पत्र लिहिलें. सत्र सुरू व्हावयाचें ऑक्टोबरांत. म्हणजे हातीं तीन महिने होते. त्या पत्रांत त्यांनीं आपलें अठरा वर्षांचें वय, प्रकृति आणि अभ्यास यांची माहिती सरळ दिली. महाविद्यालयाच्या सर्व अटी आपण कदाचित् पुऱ्या करूं शकणार नाहीं, हेंही लपविलें नाहीं. आणि आपण एवढ्या दूर कशासाठीं आलों, तें स्पष्ट सांगितलें: पुरुष वैद्यापुढें जाण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींस स्त्रीवैद्याची गरज आहे. चौदाव्या वर्षीं प्रसूत होऊन, जन्मलेलें मूल थोड्याच दिवसांत गमावलेली ही मुलगी होती. हेतु उसना आणण्याचें तिला कारणच नव्हतें. प्रवेश मिळाला, आणि १८८६ च्या मार्चांत त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. पुढल्याच वर्षीं त्या निवर्तल्या हें आपलें दुर्दैव.

उत्तम अर्जाचे तीन गुण या एका पत्रांत सांपडतात. तो वेळेआधीं लिहिलेला असतो, त्यांत उणीव झांकलेली नसते, आणि हेतु स्वतःच्या आयुष्यांतून आलेला असतो.

दुसरें उदाहरण महर्षि कर्व्यांचें. १८७५ सालीं मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठीं शंभराहून अधिक मैल घाट तुडवीत साताऱ्यास पायीं गेला. वयास सतरा वर्षें पूर्ण झालेलीं असतांही तो लहानखोरा दिसला, म्हणून त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. तोच मुलगा १८८४ सालीं बी. ए. झाला आणि १९१६ सालीं त्यानें स्त्रियांसाठीं विद्यापीठ स्थापिलें. आज चेहऱ्यावरून वय ठरत नाहीं, कागदावरून ठरतें. म्हणूनच कागद बिनचूक असण्याची जबाबदारी आतां आपली आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. पुष्कळ घरांत असें समजतात कीं, बारावीचा निकाल लागला कीं मग प्रवेशाचें पाहावयाचें. हा समज जुना झाला. अभियांत्रिकी व औषधनिर्माण यांसाठींची राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा निकालापूर्वींच होते आणि तिचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्याही आधीं निघतात. २०२४ पासून व्यवस्थापन व संगणक यांच्या कांहीं पदव्यांनाही अशी परीक्षा लागूं झाली. केंद्रीय विद्यापीठांसाठीं २०२२ पासून निराळी सामायिक परीक्षा आहे. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, मग तें आपलें वसईचें वर्तक वा गोन्सालो गार्सिया असो कीं मुंबईचें एखादें असो, आधीं विद्यापीठाकडे संगणकावर नांवनोंदणी करून मग महाविद्यालयाचा अर्ज भरावा लागतो. २०२५ सालीं निकाल ५ मे रोजींच लागला, आणि त्यानंतर हातीं दिवस थोडेच राहिले. परदेशीं धाडावयाचें असेल तर घाई याहून अधिक. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अर्ज आदल्या वर्षींच्या १५ ऑक्टोबरपर्यंत द्यावे लागतात, आणि अमेरिकेंतील पुष्कळ महाविद्यालयांची नेहमींची मुदत जानेवारीच्या आरंभीं संपते.

म्हणून मुलगा वा मुलगी अकरावींत असतांनाच एका रविवारीं सर्व कागद सतरंजीवर मांडावे. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधारपत्र. प्रत्येकावरील नांव, वडिलांचें नांव, आईचें नांव व जन्मतारीख अक्षरशः ताडून पाहावी. शाळेच्या दाखल्यांत चूक असेल तर मूल शाळेंत आहे तोंवर ती दुरुस्त करून घेणें सोपें. नंतर तेंच काम डोंगराएवढें होतें. अधिवासाचा दाखला तहसील कचेरींतून आधींच काढून ठेवावा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला ज्यांस लागूं आहे, त्यांनीं तो दर आर्थिक वर्षीं नवा घ्यावा लागतो हें विसरूं नये; एप्रिल उजाडतांच तहसील कचेरींत जावें, जूनची गर्दी पाहूं नये. आणि शिक्षकाचें शिफारसपत्र हवें असेल तर महिनाभर आधीं मागावें. आदल्या रात्रीं मागितलेल्या पत्रांत आम्ही शिक्षक तरी काय लिहिणार? "वर्तणूक चांगली" याहून अधिक सुचत नाहीं.

यंदा माझी नात अकरावींत आहे. परवां एका अर्जाचा नमुना म्हणून तिनें लिहून आणिलें, "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे." मीं विचारलें, "बाळ, हें वाक्य तुझ्या वर्गांतील किती मुलें लिहितील?" ती हंसून म्हणाली, "सगळींच, आजोबा." मग मीं तिला आमच्या परसांतील विहिरीची आठवण दिली. तिचें पाणी अलीकडे मचूळ लागूं लागलें, तेव्हां या पोरीनें शाळेंतील बाईंच्या मदतीनें दर महिन्यास त्याचा खारटपणा मोजून वहींत टिपून ठेविला होता. पावसाळ्यांत तो उतरतो आणि चैत्र-वैशाखांत चढतो, हें तिचें तिनेंच शोधिलें. "हें का लिहीत नाहींस?" तर म्हणते, "यांत लिहिण्यासारखें काय आहे?" आपल्या घरांतील मुलांना स्वतःचें खरें काम क्षुल्लक वाटतें आणि दुसऱ्याचीं मोठीं वाक्यें थोर वाटतात. घरांतील वडीलधाऱ्यांचें काम एवढेंच, कीं त्या कामाची त्यांना आठवण द्यावी. मात्र लेखणी मुलाच्याच हातीं असूं द्यावी. काकांनीं वा आजोबांनीं लिहिलेला अर्ज चार ओळींतच ओळखूं येतो.

त्या रविवारीं आम्ही कागदही मांडले. तिच्या एका दाखल्यावर आईच्या नांवांतील एक वेलांटी चुकलेली निघाली. दुसऱ्याच दिवशीं माझा तो पुतण्या स्वतः रजा घेऊन तिच्या शाळेंत गेला आणि दुरुस्तीचा अर्ज देऊन आला. परत येऊन पोंच माझ्या हातीं ठेवीत म्हणाला, "काका, अजून वर्ष आहे हातीं." मीं ती पोंच पेटींत सर्वांत वर ठेविली आहे.