मेल उतरत नाही म्हणून खातं पुसू नका

बंगळुरूतल्या बेळ्ळंदूरला मुलाकडे राहायला आलेल्या एका निवृत्त काकांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या डेस्कटॉपवरच्या थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये चार दिवस एकही मेल उतरला नव्हता. आउटर रिंग रोडच्या आयटी पार्कांना लागून असलेल्या या भागात मजल्यामजल्यावर संगणक जाणणारी माणसं. तिघांनी एकच सल्ला दिला होता : खातं काढा, पुन्हा जोडा. काका तेच करायला बसले होते. मी त्यांना थांबवलं.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. आयमॅप पद्धतीत मूळ मेल सर्व्हरवर राहतो आणि संगणकावर त्याची नक्कल असते. तिथे खातं पुन्हा जोडलं तरी बहुधा काही बिघडत नाही. पॉप पद्धतीत मात्र मेल संगणकावर उतरतो आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण नसेल, तर तिकडून पुसला जातो. काकांचं खातं पॉपचं होतं. पेन्शनची पत्रं, काकूंच्या तपासण्यांचे अहवाल, सगळं त्या एका हार्ड डिस्कवर. खातं काढताना थंडरबर्ड संदेशही काढायचे का, असं विचारतं. तिथे नकळत टिचकी पडली की वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार गेला. म्हणून आम्ही आधी प्रोग्रॅम बंद करून त्याचा प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला.

‘मग नवे मेल हरवले का?’ काकांची खरी काळजी ही होती. ब्राउझरमध्ये खातं उघडलं, तर सगळे नवे मेल तिथे होते. म्हणजे नेटही ठीक, सर्व्हरही ठीक. तिथेही नसते, तर आधी जागा तपासली असती. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. नातवंडांच्या व्हिडिओंनी ती भरली की मेल येणं थांबू शकतं.

‘पासवर्ड तर बरोबर आहे!’ असेलही, पण नुसत्या पासवर्डवर आता भागत नाही. बाहेरच्या प्रोग्रॅमला खात्याच्या नेहमीच्या पासवर्डवर आत घेणं गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केलं. आउटलुक डॉट कॉमने १६ सप्टेंबर २०२४ पासून. थंडरबर्डच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ओऑथ-२ ही प्रमाणीकरणाची पद्धत निवडली, की खिडकी उघडून परवानगी मागितली जाते. ज्या जुन्या प्रोग्रॅमला हे जमत नाही, त्याच्यासाठी गूगल १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड देतं. त्यासाठी दोन टप्प्यांची पडताळणी चालू हवी. मुख्य पासवर्ड बदलला की हे ॲप पासवर्ड रद्द होतात, आणि ते योग्यच आहे.

काकांचं थंडरबर्ड अशाच ॲप पासवर्डवर चालत होतं, आणि चार दिवसांपूर्वी त्यांनी मुख्य पासवर्ड बदलला होता.

खातं न पुसता फक्त प्रमाणीकरणाची पद्धत बदलली, परवानगी दिली. मेल एकामागून एक उतरू लागले. त्यांतला पहिला अपार्टमेंट असोसिएशनचा होता, पाण्याच्या टँकरच्या बदललेल्या वेळांचा.